स्कॅल्पेला जायला अकरा दिवस

स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या बॅरा बेटावरून उत्तरेच्या स्कॅल्पे बेटाला टाकलेलं पत्र दोन दिवसांत पोचतं. माणसाने मनावर घेतलं तर तोही तेवढ्यात पोचतो. सकाळची फेरीबोट धरायची, दोन-तीन बस बदलायच्या, पुन्हा एक फेरी, पुन्हा बस, की झालं. डोलीना मॅकनीलला अकरा दिवस लागले. वादळ नव्हतं, कुणी आजारी पडलं नव्हतं, जून महिना होता आणि फेऱ्या वेळेवर सुटत होत्या. बाई घाबरली होती, दुसरं काही नाही.

तशी ती घाबरणाऱ्यातली नव्हे. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. बेटावरच्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या हातचं सूप प्यायलंय आणि ताटात गाजर टाकलं म्हणून तिच्या हातच्या चापट्याही खाल्ल्यात. मीही खाल्ल्यात. लग्न तिने केलं नाही. थोरला भाऊ हेक्टर मासेमारी करायचा, त्यानेही केलं नाही, आणि दोघं एकाच घरात एकमेकांना सांभाळून राहिली. मार्चमध्ये हेक्टर गेला. जूनमध्ये एका बुधवारी डोलीनाने कोंबड्या शेजारच्या फ्लोरा-मेरीच्या स्वाधीन केल्या आणि बॅग घेऊन ती रस्त्यावर येऊन उभी राहिली.

"कुठं गं निघालीस?" फ्लोरा-मेरीने विचारलं.

"उत्तरेकडे. जरा फिरून येते."

"फिरून? एकटीच?" फ्लोरा-मेरीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फिरायला पाहुणे येतात, पाठीवर पिशव्या बांधून. आपण बेट सोडतो ते लग्नाला नाहीतर मयताला. कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही."

"मग चांगला कोट कशाला घातलायस?"

डोलीनाने बॅग उचलली. फ्लोरा-मेरीने पुढे विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. हजार माणसांचं बेट आमचं, इथे कुणाची मांजर व्यायली तरी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या किनाऱ्याला कळतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी डोलीना स्कॅल्पेला जाऊन न उतरताच परत आली, ही गोष्ट काय लपून राहणार होती?

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. दोन उन्हाळे ती मुख्य भूमीवरच्या ओबानला मासळीच्या कारखान्यात कामाला गेली आणि तिथे तिला टॉर्मड मॅक्लाउड भेटला. उंच, पिवळ्या केसांचा, चालताना हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. तो स्कॅल्पेचा, म्हणजे उत्तरेकडच्या कडक प्रॉटेस्टंटांतला. ही बॅराची, म्हणजे कॅथलिक: चर्चमध्ये मिस्सा, जपमाळ आणि मिस्सा झाल्यावर नाच. भाषा एक, मासे एक, पण एवढं अंतर पुरेसं होतं. तिच्या आईने आठवडाभर अबोला धरला. त्याचे वडील तर चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी म्हणणारे, सगळं गाव ती मागून गाणार, म्हणजे गावाचा आवाजच. तरी टॉर्मडने लिहिलं, "तू ये. तुला बघितलं की त्यांचं मन वळेल." तिने कळवलं, "महिनाअखेर हेक्टरच्या बोटीने येते."

अडुसष्ट सालचा ऑगस्ट होता. त्या आठवड्यात वारा असा सुटला की बोट काढायची सोय नव्हती. रविवारी समुद्र निवळला. पहाटेची मिस्सा आटोपून बहीण-भाऊ निघाली आणि दिवसभर बोट हाकून संध्याकाळी स्कॅल्पेच्या धक्क्याला लागली. आता, उत्तरेकडे रविवारी काम करत नाहीत हे आम्हा बॅराच्या लोकांना पक्कं माहीत असतं. वाळत घातलेले कपडेसुद्धा ते शनिवारी रात्री काढून घेतात. पण धक्क्यावर बोट आली तर तिचा दोर धरायचा, हे काम आहे असं आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. दोर धरणं म्हणजे समोरच्याने हात पुढे केला की तो हातात घेणं. त्यात वार कसला बघायचा?

धक्क्यावर चर्चला निघालेली माणसं काळ्या कपड्यांत उभी होती. हेक्टरने दोर फेकला. तो दगडावर पडला, घसरत पाण्यात गेला आणि कुणी वाकलं नाही. हेक्टरने तो ओढून घेतला, पुन्हा फेकला. पुन्हा तेच. डोलीना नवा निळा कोट घालून उभी होती, आणि तिला त्या गर्दीत मागे एक उंच, पिवळं डोकं दिसलं. किंवा दिसल्यासारखं वाटलं.

"जिथे आपला दोर कुणी धरत नाही, तिथे मी माझी बहीण उतरवत नाही," हेक्टर म्हणाला आणि त्याने बोट वळवली.

त्यानंतर टॉर्मडचं पत्र आलं नाही. तिनेही लिहिलं नाही. पण ते डोकं तिच्या मनातून गेलं नाही. तो तिथे उभा होता का? उभा राहून वाकला नाही का? एवढंच तिला हवं होतं, आणि हेक्टर असेपर्यंत ते विचारायला जाणं तिला बरं वाटत नव्हतं. तिच्यासाठी दिवसभर बोट हाकून अपमान गिळून आलेला भाऊ. त्याच्या देखत त्याच गावाला परत कुठल्या तोंडाने जायचं? आता हेक्टर नव्हता. आता जायला हरकत नव्हती, आणि म्हणूनच तिचे पाय मागे ओढत होते.

पहिला मुक्काम तिने फेरीतून उतरल्या उतरल्या एरिस्के बेटावरच केला. काही कारण नव्हतं. गुरुवारी ती साउथ उइस्टला मावसबहीण एफीकडे पोचली आणि तिथे रविवारपर्यंत बसली. पश्चिमेच्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा पिवळी-पांढरी फुलं इतकी दाटतात की गाईंचे खूर दिसत नाहीत. डोलीना रोज सकाळी तिथे जाऊन बसायची आणि टिटव्या डोक्यावर ओरडत राहायच्या.

"चार दिवस झाले, तू गवत बघतेयस," एफी म्हणाली. "तुमच्याकडे गवत नाही?"

"आहे की."

"मग जाऊन ये बाई एकदा. तो मेला असेल तर तेही कळेल."

"मेला नाही. मेला असता तर पेपरात वाचलं असतं मी."

"म्हणजे एक्केचाळीस वर्षं मयताच्या बातम्या वाचतेस तू?"

"सगळेच वाचतात," डोलीना म्हणाली, आणि एफीला हसू आलं, कारण ते खरं होतं.

सोमवारी ती बसमध्ये बसली. उइस्टच्या रस्त्याकडेला मेरीमातेच्या छोट्या मूर्ती आहेत, काचेच्या पेटीत, कुणीतरी ताजी फुलं ठेवलेल्या. प्रत्येकीपुढे ती मनात हात जोडत होती. बेनबेक्युला बेट ओलांडलं, पुढे प्रॉटेस्टंट मुलूख लागला, तशा त्या विरळ झाल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. डोलीनाने गळ्यातला क्रूस कोटाच्या आत सरकवला. मग स्वतःचीच लाज वाटून बाहेर काढला. नॉर्थ उइस्टला उतरेपर्यंत तो चार वेळा आत-बाहेर झाला.

नॉर्थ उइस्ट म्हणजे जमीन कमी आणि पाणीच जास्त. तळी, त्यांत छोटी बेटं, बेटांवर एखादं हट्टी झुडूप, आणि मधून वळत जाणारा एकपदरी रस्ता. दलदलीतली जळणाची माती विटांसारखी कापून ढिगाने वाळत घातलेली होती. दोन दिवस ती त्या रस्त्यांवरून चालली. समोरून गाडी आली की कडेला उभी राहायची, गाडीवाला एक बोट वर करायचा, ही एक बोट वर करायची. तेवढंच दिवसभराचं बोलणं. पण तिला ते आवडत होतं. घरात हेक्टरची खुर्ची होती, त्याची टोपी खुंटीला होती. इथे कुठेच तो नव्हता, आणि त्यामुळेच त्याची आठवण नीट येत होती, न टोचता. संध्याकाळी मात्र प्रश्न सुरू व्हायचे. आपण तेवीसच्या असताना हाच रस्ता का धरला नाही, चालत, विचारत विचारत? कुणी अडवलं होतं? कुणी नाही. वाट बघण्यात दिवस गेले. तो लिहील, मग आपण लिहू.

गुरुवारी बर्नरेच्या धक्क्यावर ती हॅरिसला जाणाऱ्या फेरीसमोर उभी होती, हातात तिकीट होतं, आणि ती चढली नाही. बाकावर बसून राहिली. फेरी सुटली तेव्हा तिला हायसं वाटलं आणि पाचच मिनिटांत स्वतःचा असा राग आला की तिने बॅगेला लाथ मारली. रात्रीच्या मुक्कामाला ती पांढऱ्या वाळूपाशी एका विधवेच्या घरी राहिली. तिथून हॅरिसचे डोंगर समोर दिसत होते, निळे, इतके जवळ की वाटावं हाक मारली तर ऐकू जाईल. शुक्रवारी ती पलीकडे गेली. हॅरिसच्या पूर्वेची बाजू म्हणजे नुसता दगड. त्या दगडांच्या फटींत माती टोपल्यांनी आणून टाकून लोकांनी बटाटे पिकवले. अशा जागी राहणारी माणसं कडक असणारच, असं तिला वाटलं, आणि पहिल्यांदाच तिला त्यांचा थोडा कमी राग आला.

शनिवारी सकाळी हॅरिसमधल्या टार्बर्ट गावाहून ती स्कॅल्पेच्या छोट्या बसमध्ये बसली. आता तिथे पूल झालाय. बसमध्ये ती एकटी आणि ड्रायव्हर केनी जॉन, चाळिशीला टेकलेला, जाडजूड, गप्पांचा भुकेला.

"कुणाकडे जायचंय, बाई?"

"टॉर्मड मॅक्लाउडकडे."

"कोणत्या? आमच्याकडे टॉर्मड मॅक्लाउड सात आहेत. टॉर्मड पोस्ट, टॉर्मड काळा, टॉर्मड अमेरिका, तो अमेरिकेला कधी गेला नाही, फक्त जाणार होता..."

"उंच. पिवळे केस."

"पिवळे केस आता कुणाचेच राहिले नाहीत हो."

"वडील चर्चमध्ये ओळ आधी म्हणायचे."

"असं सांगा की. दोरवाला टॉर्मड." केनी जॉन खूश झाला. "त्याला तसं विचारलंत तरच सापडेल. त्याच्या पोरांना दोरवाल्याची पोरं म्हणतात, कुत्र्याला दोरवाल्याचा कुत्रा. मला वाटतं बँकेतही तेच लिहिलं असेल."

"दोरवाला का?"

"तुम्हाला नाही माहीत? मजाच आहे ती. मी जन्मलोही नव्हतो, आई सांगायची. एका रविवारी कॅथलिकांची एक बोट आली, धक्क्याला. आता रविवारी दोर कोण धरणार? कुणी धरला नाही. बोट आपली वळली, निघाली. आणि हा टॉर्मड चर्चला उशीर झालेला, नेहमीसारखा, टेकडीवरून धावत येतोय. बोट बघितली आणि थेट पाण्यात. काळा कोट, स्तोत्रांचं पुस्तक, सगळ्यासकट. छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर, दोर फेका म्हणून ओरडतोय. दोर कुठला, बोट गेली. बापाने कॉलर धरून बाहेर काढला त्याला. सहा महिने चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. आणि नाव चिकटलं ते चिकटलं." तो हसत होता. "बोटीत कुणी पोरगी होती म्हणतात. आई म्हणायची, तिने ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही."

पुलाचा चढ लागला होता. दोन्हीकडे पाणी चमकत होतं.

"मला इथेच उतरवा," डोलीना म्हणाली.

"पुलावर? पुलावर थांबता येत नाही, बाई. बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," ती म्हणाली. आणि खरंच, तिला इतकं बरं उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. तो आला होता. पाण्यात उतरला होता. गावादेखत, बापादेखत. बस उतारावरून गावात शिरेपर्यंत तिच्या मनात एवढंच होतं, आणि ती ओठ घट्ट मिटून बसली, कारण उघडले असते तर ती त्या जाड्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडली असती.

त्याने दाखवलेल्या घरापाशी ती पाच मिनिटं उभी राहिली. मग तिने दार वाजवलं. हे चुकलंच. बेटांवर ओळखीचं माणूस दार वाजवत नाही, सरळ आत येतं.

"दार वाजवतंय कोण?" आतून एका बाईचा आवाज आला. "वर्गणीवाले असाल तर देऊन झाली. नसाल तर आत या."

आत टेबलापाशी सत्तरीकडे झुकलेली एक लहानखुरी बाई पीठ मळत होती. मर्डिना, टॉर्मडची बायको. म्हणजे त्याला बायको होती तर. डोलीनाने दिवसरात्र एवढा विचार केला होता, पण बायकोचा चेहरा त्यात कधी आला नव्हता.

"मी... टॉर्मडला भेटायचं होतं. बॅराहून आले."

मर्डिनाचे हात पिठात थांबले. तिने डोलीनाच्या चेहऱ्याकडे बघितलं, कोटाकडे, पुन्हा चेहऱ्याकडे.

"निळा कोट होता म्हणतात," ती म्हणाली.

"होता."

"हं. अडतीस वर्षं मी दोरवाल्याची बायको म्हणवून घेतेय. दोर कुणाचा होता, एवढं तरी आज बघायला मिळालं." तिने हात पुसले. आवाजात राग नव्हता. नवऱ्याची एखादी जुनी वस्तू माळ्यावर सापडावी तसं ती बघत होती. "बस. नको, बसू नकोस. तो मागे खोपटात आहे, शेवंडी पकडायचे पिंजरे नीट करतोय. जा. मी चहा टाकते." आणि डोलीना दारापर्यंत पोचल्यावर ती म्हणाली, "सावकाश टाकते."

खोपटात टॉर्मड स्टुलावर बसला होता, पिंजऱ्याच्या जाळीत सुई अडकवून. डोक्यावर एकही केस नव्हता. हात मात्र तेच, मोठे, कुठे ठेवावेत हे न कळणारे. त्याने वर बघितलं आणि बराच वेळ बघितलं.

"या खेपेला वार बघून आलीस," तो म्हणाला.

"शनिवार आहे."

"हो. शनिवार आहे."

तिने दुसरं स्टूल ओढलं. बाहेर मेंढी ओरडत होती.

"मला बसमध्ये कळलं," ती म्हणाली. "तू पाण्यात उतरलास ते."

"बसमध्ये? आज?"

"अर्ध्या तासापूर्वी."

त्याने सुई खाली ठेवली. "हेक्टरने सांगितलं नाही?"

"हेक्टरला कुठे ठाऊक होतं?"

"डोलीना," तो हळू म्हणाला, "तू पुढच्या टोकाला बसली होतीस, पाठ माझ्याकडे. पण हेक्टर सुकाणूवर होता. त्याने मागे बघितलं. आमची नजरानजर झाली. मी दोन्ही हात वर केले होते. त्याने इंजिन मंद केलं. अगदी मंद. मला वाटलं, वळतोय. मी आणखी पुढे गेलो, पाय टेकेनात. आणि मग त्याने पुन्हा वेग दिला. मला वाटलं, तो तुला सांगेल. तू ऐकूनही लिहिलं नाहीस, म्हणजे तुझं ठरलं. मी तीन वर्षं वाट बघितली."

डोलीना जमिनीकडे बघत होती. एक्केचाळीस वर्षं एका टेबलावर जेवलो, तिच्या मनात आलं. मी त्याला न्हाऊ घातलं शेवटी. डोळे मी मिटले त्याचे. आणि त्याला माहीत होतं. छातीत असा संताप उसळला की तिने स्टुलाची कड धरली.

मग तिला ते इंजिन ऐकू आलं.

मंद झालं होतं. हो, झालं होतं. बोट पाण्यात नुसती डुलत होती, आणि मागून हेक्टरचा आवाज आला होता, वेगळाच, घोगरा. "डोली, अगं, मागे बघ जरा." ती रडत होती. त्या काळ्या कपड्यातल्या माणसांना तिचं रडं दिसायला नको होतं. आणि ती मान न वळवता ओरडली होती: मला काही बघायचं नाही. आईची शपथ आहे तुला, थांबू नकोस. घरी चल.

"काय झालं?" टॉर्मडने विचारलं.

"त्याने सांगितलं होतं," डोलीना म्हणाली. "तेव्हाच सांगितलं. मागे बघ म्हणाला. मीच शपथ घातली, थांबू नकोस म्हणून."

टॉर्मडचे हात मांडीवर पडून राहिले.

"आणि नंतर कसं सांगणार होता मला, की तूच त्याला पाण्यात सोडून यायला लावलंस?" ती म्हणाली. "कुठल्या दिवशी सांगणार होता?"

घरातून मर्डिनाने चहा झाल्याची हाक दिली. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक दिली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.